वाचन हाच खेळ ते खेळातील अडथळा : व्हिडिओ गेममधील मजकूर आणि तरुण खेळाडूची अनिच्छा

१

व्हिडिओ गेमविषयीच्या चर्चेत एक तक्रार गेली अनेक वर्षे सातत्याने ऐकू येते. आजचा तरुण खेळाडू पडद्यावरचा मजकूर वाचत नाही. पात्र बोलू लागले की तो बटण दाबत सुटतो, सूचनेची चौकट उघडण्यापूर्वीच ती मिटतो, आणि मग पुढे काय करायचे ते उमगले नाही म्हणून खेळालाच नावे ठेवतो, असे या तक्रारीचे साधारण स्वरूप असते. तक्रार करणारे बहुधा तिशी-चाळिशीतले, स्वतः लहानपणापासून खेळत आलेले असतात. आपल्या लहानपणी खेळ म्हणजे वाचन होते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख असतो.

या आठवणीला छेद देणारे एक घुबड आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ हा खेळ १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक वृद्ध घुबड वाटेत ठिकठिकाणी भेटते आणि नायकाला लांबलचक उपदेश करते. उपदेश संपला की ते खेळाडूला प्रश्न विचारते आणि दोन उत्तरे पुढे ठेवते. गंमत अशी की घाईघाईने बटण दाबत आलेल्या खेळाडूच्या बोटाखाली नेमके तेच उत्तर येते, ज्यामुळे घुबड आपला सारा उपदेश पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पाल्हाळ टाळू पाहणाऱ्याला दुप्पट पाल्हाळ सोसावे लागते. १९९८ साली दहा-बारा वर्षांची असलेली, या घुबडाला वैतागलेली मुले आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि पुढच्या पिढीविषयी तक्रार करणाऱ्यांत तीच अग्रभागी आहेत.

तेव्हा न वाचण्याची वृत्ती एखाद्या पिढीबरोबर जन्मली, असे मानून चालणार नाही. अनिच्छा आहे, हे नाकारण्याचेही कारण नाही. प्रस्तुत निबंधात पाहायचे आहे ते एवढेच की, गेल्या सुमारे पन्नास वर्षांत व्हिडिओ गेममधील मजकुराचे काम कसकसे बदलत गेले, आणि न वाचणे ही गोष्ट खेळाडूला कोणी व केव्हा शिकवली.

२

व्हिडिओ गेमच्या व्यवसायाचा आरंभच मुळी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाच्या शोधातून झाला आहे. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी घडवलेले ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र १९७१ साली नटिंग असोसिएट्स या कंपनीने अमेरिकेत बाजारात आणले. अवकाशयान कसे वळवायचे, वेग कसा घ्यायचा, मारा कसा करायचा हे त्यावर छापलेल्या सूचना वाचून समजून घ्यावे लागे. विद्यापीठाच्या परिसरातील तरुणांना ते आवडले. कष्टकऱ्यांच्या मद्यालयांत मात्र ते रुजले नाही. संध्याकाळी पेला हातात घेऊन बसलेला माणूस सूचना वाचायला तयार नसतो, असा अर्थ बुशनेल यांनी पुढे या अपयशातून काढला. १९७२ साली अटारी कंपनीसाठी अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्न यांनी तयार केलेल्या ‘पाँग’ या यंत्रावर खेळण्याच्या पद्धतीविषयी जवळजवळ एकच वाक्य होते : अधिक गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका. सनीव्हेल येथील एका मद्यालयात ठेवलेले पहिले यंत्र नाण्यांची पेटी ओसंडल्यामुळे बंद पडले, असे सांगितले जाते.

म्हणजे मजकूर वाचण्याचा कंटाळा हे ज्याचे व्यवच्छेदक लक्षण होते असा या इतिहासातला पहिला खेळाडू किशोरवयीन नव्हता. तो कामावरून परतलेला प्रौढ होता, आणि त्याच्यासाठी मजकूर छाटून टाकल्यावरच हा धंदा उभा राहिला.

याच दशकात, या धंद्यापासून दूर, अगदी वेगळ्या प्रकारचा खेळ आकाराला येत होता. विल्यम क्राउदर हे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत आर्पानेटच्या उभारणीवर काम करणारे प्रोग्रामर होते. गुहांमध्ये उतरून त्यांचे नकाशे करण्याचा त्यांना छंद होता. केंटकीतील मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहामालिका त्यांना परिचयाची होती. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना रमवता यावे, या हेतूने त्यांनी १९७६च्या सुमारास त्या गुहेचा एक शब्दरूप खेळ रचला. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी १९७७ साली त्यात भर घातली आणि ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तो संगणकांच्या जाळ्यावर पसरला.

या खेळात एकही चित्र नाही. संगणक एका स्थळाचे वर्णन लिहून दाखवतो. खेळाडू एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करतो. संगणक पुढचे वर्णन लिहितो. आरंभीच एक ओढा वाहताना भेटतो. त्याच्या काठाने जावे तर पाणी खडकातल्या एका बारीक फटीत नाहीसे होते, आणि तेथून जवळच गुहेचे जाळीदार दार सापडते. वर्णनातील ओढा ज्याने नीट वाचला नाही, तो रानातच भटकत राहतो. येथे वाचन ही खेळाची पूर्वतयारी नाही किंवा त्याचा अलंकारही नाही. वाचणे हीच चाल आहे, आणि चाल चुकली तर ती वाचनाचीच चूक असते. साहित्याच्या अभ्यासकाला या क्षणाचे महत्त्व पटायला हरकत नसावी. वाचकाच्या कृतीवाचून जी संहिता पुढे सरकतच नाही, अशी संहिता येथे लहान मुलींसाठी, रंजनाच्या हेतूने आणि कोणत्याही वाङ्मयीन घोषणेवाचून निर्माण झाली.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील काही तरुणांनी याच प्रेरणेतून ‘झॉर्क’ रचला आणि १९७९ साली इन्फोकॉम ही कंपनी स्थापन झाली. पुढची सात-आठ वर्षे शब्दरूप खेळांच्या भरभराटीची होती. इन्फोकॉमचा ‘डेडलाइन’ हा १९८२चा खुनाच्या तपासाचा खेळ विशेष लक्षणीय आहे. त्याच्या खोक्यात जबान्या, तपासणीचे अहवाल अशी कागदपत्रे घातलेली होती, कारण लेखकांना सांगायचे होते ते सारे त्या वेळच्या चकतीत मावत नव्हते. डग्लस अ‍ॅडम्स या इंग्रज लेखकाने १९८४ साली आपल्या कादंबरीवरून केलेला खेळही याच कंपनीने काढला. इन्फोकॉम १९८६ साली अ‍ॅक्टिव्हिजनने विकत घेतली आणि १९८९ साली ती बंद झाली.

इन्फोकॉमचा अंत हा वाचनाचा पराभव म्हणून नेहमी सांगितला जातो. ते अर्धसत्य आहे. १९८५ साली कंपनीने ‘कॉर्नरस्टोन’ नावाचे व्यावसायिक माहिती-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर काढले. त्यावर अतोनात खर्च झाला आणि ते विकले गेले नाही. आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. १९७७ साली अ‍ॅपल-टू हा संगणक १,२९८ डॉलरला मिळत असे. असे यंत्र ज्यांच्या घरी होते त्यांच्या वाचनप्रेमावरून एका अख्ख्या पिढीच्या वाचनप्रेमाचा अंदाज बांधता येत नाही. तो वाचकवर्ग शिक्षणाने आणि मिळकतीने आधीच निवडलेला होता. पाँगसमोर उभा असलेला माणूस आणि झॉर्कसमोर बसलेला माणूस एकाच काळातले होते, पण एकाच वर्गातले नव्हते.

मजकुराचे स्थान ढळू लागले ते चित्रामुळे. अ‍ॅडव्हेंचर खेळून भारावलेल्या रॉबर्टा विल्यम्स यांनी पती केन यांच्या साहाय्याने १९८० साली ‘मिस्टरी हाउस’ रचला. त्यात वर्णनाबरोबर साध्या रेषांची चित्रे होती. १९८७च्या ‘मॅनियाक मॅन्शन’मध्ये आज्ञा टंकित करण्याचेही काम उरले नाही, उघड, ढकल, दे अशी क्रियापदे पडद्याच्या खालच्या भागात तयार मांडून ठेवलेली होती. खेळाडूने शब्द शोधायचा नाही, निवडायचा. योग्य शब्दासाठी तासन्‌तास डोके खाजवणाऱ्यांना ही मोठी सुटकाच होती. परंतु लिहिण्याची गरज गेल्यावर वर्णनातला प्रत्येक शब्द तपासून वाचण्याची निकडही हळूहळू गेली. १९९३च्या ‘मिस्ट’ या साठ लाखांहून अधिक प्रती खपलेल्या खेळात तर एक ग्रंथालयच आहे, आणि त्यातली बहुतेक पुस्तके जळून गेलेली आहेत. जी मोजकी उरली ती मात्र पानोपान वाचावी लागतात.

३

जपानमध्ये हा इतिहास निराळ्या वाटेने गेला. निन्टेंडोचे फॅमिकॉम हे १९८३ साली आलेले यंत्र टीव्हीला जोडायचे आणि हातातल्या बटणांनी चालवायचे होते. त्याच वर्षी युजी होरी यांचा ‘पोर्तोपिया’ हा खुनाच्या तपासाचा खेळ घरगुती संगणकासाठी निघाला होता. १९८५ साली तो फॅमिकॉमवर आणताना टंकित आज्ञांच्या जागी यादीतून निवड आली. याच होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ साली प्रसिद्ध झाला.

ड्रॅगन क्वेस्टची संपूर्ण सामग्री ६४ किलोबाइट इतक्या जागेत बसवलेली होती. चित्रे, संगीत, युद्धाचे गणित आणि सारे संवाद त्यातच. कांजी, म्हणजे चिनी मूळ असलेली चित्राक्षरे, घेण्याचा प्रश्नच नव्हता. हिरागाना ही अक्षरमाला घेतली गेली, आणि परकीय नावांसाठी वापरल्या जाणाऱ्या काताकानातील फक्त काही निवडक अक्षरांना जागा मिळाली. राक्षसांची आणि मंत्रांची नावे त्याच अक्षरांत बसतील अशी ठरवावी लागली. छंदाच्या बंधनात शब्द निवडणाऱ्या कवीची आठवण व्हावी असा हा प्रकार होता. तंत्राच्या या अडचणीतून एक अनपेक्षित लाभ झाला. केवळ हिरागानात, शब्दाशब्दांत जागा सोडून लिहिलेला मजकूर प्राथमिक शाळेतील मुलाला वाचता येतो.

दहा वर्षांनी, १९९६ साली आलेल्या पोकेमॉनच्या पहिल्या जोडीनेही हीच पद्धत ठेवली. त्या खेळात राक्षसांची नावे, त्यांच्या शक्ती, औषधे, गावातल्या माणसांची बोलणी असे सगळे वाचूनच कळायचे. ज्या वयाची मुले वाचत नाहीत असे मोठी माणसे म्हणतात, त्याच वयाची मुले हा मजकूर वाचत होती, पाठ करत होती, परस्परांना सांगत होती. कारण कोणती शक्ती कोणावर चालते हे न वाचणारा हरत होता. तरीसुद्धा याच खेळाच्या पर्यायांच्या यादीत मजकुराची गती मंद, मध्यम किंवा जलद ठेवण्याची सोय दिलेली होती. निर्मात्यांना आपला वाचक पुरता माहीत होता. कोणते वाक्य उपयोगाचे आणि कोणते केवळ शिष्टाचाराचे, हे मूल दोन दिवसांत ओळखते आणि दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांना वेगाने मागे टाकते. अशा वागण्याला वाचनाची अनिच्छा म्हणायचे की वाचनातली पारख, याचा निवाडा घाईने करू नये. वाचनालयातून आणलेल्या कादंबरीतील निसर्गवर्णने ओलांडून पुढे जाणारा मराठी वाचक कोणत्याच काळात दुर्मीळ नव्हता.

जपानी खेळ अमेरिकेत जाताना मजकुराची फार आबाळ झाली. ‘फायनल फँटसी’ मालिकेतील सहाव्या खेळाचा १९९४चा इंग्रजी अनुवाद टेड वूल्सी यांना सुमारे तीस दिवसांत उरकावा लागला, आणि तोही इंग्रजीला लागणाऱ्या जास्त अक्षरांमुळे पदोपदी कात्री लावून. तरी तो अनुवाद चांगल्यांपैकी समजला जातो. इतर कित्येक खेळांचे इंग्रजी असे होते की ते वाचून काही कळण्याऐवजी संभ्रमच वाढावा. मजकूर भरवशाचा नसतो, बटणे दाबून पाहणेच बरे, हा धडा त्या पिढीने तेथे गिरवला असल्यास नवल नाही.

४

चित्रामुळे मजकुराचे वर्णनाचे काम गेले; आवाजामुळे त्याचे संवादाचे कामही गेले. फायनल फँटसी मालिकेत पात्रांना पहिल्यांदा मानवी आवाज मिळाला तो २००१च्या दहाव्या खेळात. त्यापूर्वी वाचकाने बटण दाबले की पुढचे वाक्य येई. वाचनाची लय वाचकाच्या हाती होती. आवाज आल्यावर ती लय नटाच्या हाती गेली. येथे एक साधी वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. सराईत वाचक बोलण्यापेक्षा जलद वाचतो. पडद्याच्या तळाशी वाक्य उमटते, नटाने ते अर्धे उच्चारण्यापूर्वी वाचून होते, आणि उरलेला आवाज ही केवळ प्रतीक्षा ठरते. बटण दाबून संवाद पुढे ढकलणारा प्रत्येक खेळाडू न वाचणारा नसतो. त्यांतले कित्येक वाचून मोकळे झालेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात.

या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण बेथेस्डा या अमेरिकी कंपनीच्या दोन खेळांत सापडते. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये बहुतेक संभाषण लिखित आहे. एखादी कामगिरी मिळाली की कोठे जायचे ते गावातला माणूस शब्दांत सांगतो : अमक्या वेशीतून बाहेर पड, रस्ता फुटतो तेथे उत्तरेला वळ, पूल लागला की टेकडीच्या बाजूने जा. हे सारे खेळाडूच्या रोजनिशीत नोंदले जाते आणि वाट चुकली की ती पुन्हा उघडून वाचावी लागते. सांगितलेली वाट कधीकधी चक्क चुकीचीही असे. तरी त्या भूप्रदेशातून चालणे हे एका अर्थी परिच्छेदातून चालणे होते, आणि वाक्य व वाट यांचा मेळ घालण्यात जे सुख होते ते अ‍ॅडव्हेंचरमधील ओढ्याच्या सुखाशी नाते सांगणारे होते.

२००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक संवाद ध्वनिमुद्रित झाला आणि पडद्याच्या तळाशी एक होकायंत्र आले. गंतव्य स्थान त्यावर खुणेने दाखवले जाते. ध्वनिमुद्रणाला पैसा लागतो, म्हणून वाक्ये आखूड झाली, आणि एकदा मुद्रित झालेले वाक्य सहजी बदलता येत नाही. याहून खोल परिणाम त्या खुणेचा झाला. पात्र काय म्हणाले ते न ऐकता, न वाचता, खुणेच्या दिशेने चालत राहिले तरी कामगिरी पार पडते. मजकूर आहे तसाच आहे. पुष्कळ ठिकाणी तो वाढलाही आहे. पण तो न वाचल्याने आता काहीच बिघडत नाही. ज्या मजकुरावाचून काही अडत नाही तो मजकूर न वाचणाऱ्याला दोष देणे म्हणजे आपणच उघडे ठेवलेल्या दारातून कोणी आत आले म्हणून त्याला दटावण्यासारखे आहे.

याच सुमारास मजकुराचा आणखी एक जुना आश्रय नाहीसा झाला. खेळाच्या डबीत छापील पुस्तिका असे. नवा खेळ घेऊन घरी येताना मुले ती वाटेतच वाचून काढत. २०१० साली यूबिसॉफ्ट कंपनीने कागदी पुस्तिका बंद करण्याचे जाहीर केले; इतरांनीही तेच केले. पूर्वी खेळाच्या आधी, निवांतपणी वाचायचा मजकूर आता खेळाच्या मध्येच चौकटी होऊन उगवू लागला. शत्रू समोर आहे, हात शिवशिवत आहेत, आणि खेळ थांबवून एक परिच्छेद उभा राहतो. कोणत्याही वयाचा माणूस तो बाजूला सारणारच. निर्मात्यांनाही हे ठाऊक आहे. ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ या २००९च्या लोकप्रिय खेळाचे कर्ते जॉर्ज फॅन यांनी २०१२ साली व्यावसायिकांपुढे दिलेल्या व्याख्यानात एका वेळी पडद्यावर आठांपेक्षा जास्त शब्द असू नयेत, असा सल्ला दिला होता. आपल्या आईला हा खेळ कसा खेळता आला, हे त्या व्याख्यानाचे सूत्र होते. आठ शब्दांची मर्यादा ज्या खेळाडूला नजरेसमोर ठेवून मांडली गेली, ती व्यक्ती येथेही किशोरवयीन नव्हती.

५

अनिच्छेच्या तक्रारीला छेद देणारा पुरावा अलीकडच्या काळात पुष्कळ साचला आहे. यूबिसॉफ्टने २०१९ साली दिलेल्या आकड्यांनुसार, २०१७च्या ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’मध्ये संवादांची लिखित पट्टी आपणहून सुरू करावी लागत असताना सुमारे ६० टक्के खेळाडूंनी ती सुरू केली. पुढच्या वर्षीच्या ‘ओडिसी’मध्ये ती आधीच सुरू ठेवलेली होती, तेव्हा सुमारे ९५ टक्के खेळाडूंनी ती तशीच राहू दिली. अर्थात पट्टीवरचे एक-दोन ओळींचे वाचन आणि परिच्छेदामागून परिच्छेद मनात साठवत जाणारे वाचन एकाच तागडीत तोलता येणार नाही. तरी डोळा अक्षरापासून पळतो, हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

२०१५ साली दोन खेळ आले आणि त्यांनी परस्परविरुद्ध दिशांनी एकच गोष्ट दाखवली. बेथेस्डाच्याच ‘फॉलआउट ४’मध्ये नायकाला आवाज देण्यात आला, आणि तो काय बोलणार याची निवड चार त्रोटक शब्दांवर आणली गेली. पूर्ण वाक्य आधी दिसेना. खेळाडूंनी अल्पावधीतच खेळात फेरफार करून पूर्ण वाक्ये दाखवणारी जोडणी तयार केली आणि ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्या तोंडी काय घातले जाणार आहे ते आधी वाचायला मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. दुसरा खेळ टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’. त्यात मानवी आवाज नाही. सारे संभाषण लिखित आहे, आणि अक्षरे उमटताना प्रत्येक पात्राचा वेगळा टकटकाट ऐकू येतो. एका पात्राचे बोलणे तर वेगळ्या वळणाच्या अक्षरांत येते, त्यावरूनच त्याचा स्वभाव कळतो. समोरच्या राक्षसाला मारायचे की सोडायचे, हे त्याचे बोलणे वाचून ठरवावे लागते. हा खेळ डोक्यावर घेतला तो मुख्यतः किशोरांनी.

एस्टोनियातील लेखक रॉबर्ट कुर्विट्झ यांच्या पुढाकाराने रचलेला ‘डिस्को एलिझियम’ हा २०१९चा खेळ दहा लाखांहून अधिक शब्दांचा आहे. त्यातला मजकूर पडद्याच्या उजव्या कडेला अरुंद स्तंभात खालून वर सरकत जातो. मोबाइलवर बोटाने सरकवत वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना जी सवय लागलेली आहे, तिचाच विचार करून ही मांडणी केलेली होती. जुन्या अर्थाने पान तेथे नाही. पण वाचन आहे, आणि ते विपुल आहे. २०२१च्या आवृत्तीत हा सगळा मजकूर आवाजातही आला, तेव्हा आधी वाचलेल्या कित्येकांना तो आवाज खटकला.

तरीही एक गोष्ट हातची गेली, हे मान्य करावे लागेल. मॉरोविंडच्या वाटेवर ज्या प्रकारचे वाचन लागे, म्हणजे आत्ता वाचलेले वाक्य अर्ध्या तासाने, डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून आठवणे, त्याला व्यापारी खेळांत आता फारसा वाव उरलेला नाही. अंडरटेलमधले वाक्य लगेच परतफेड करते. विलंबाने फळणारे वाक्य खेळाडूने नाकारले नव्हते. ते त्याच्यापुढून काढून घेण्यात आले.

६

भारतीय खेळाडूच्या बाबतीत या इतिहासाला एक वेगळीच कड आहे. मजकूर आधी होता आणि मग तो मागे पडला, असा अनुक्रम येथे घडलाच नाही. १९९०च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायची जी यंत्रे आली ती बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ भरलेले असत. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी आणि काही वेळा जपानी असत. पुण्यात, नागपुरात किंवा इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत वाढणाऱ्या मुलाने मारिओ आणि काँट्रा आत्मसात केले ते अक्षरांना वळसा घालून. कोणत्या आकाराच्या शब्दावर बाण ठेवला की खेळ सुरू होतो, हे त्याला चित्रासारखे पाठ झालेले असे. जे खेळ वाचल्यावाचून खेळताच येत नाहीत, ते त्याच्यापर्यंत पोहोचले तरी फार काळ हातात राहिले नाहीत. न वाचणे ही त्याची निवड नव्हती. खेळात शिरण्याची ती अटच होती.

२०१८ साली पबजी मोबाइल आला, २०२० साली त्यावर बंदी आली, आणि २०२१ साली नव्या नावाने तो परतला. तोपर्यंत खेळ गावोगाव पोहोचलेला होता. पडद्यावरचे शब्द इंग्रजी, फार तर हिंदी. पण कानाला लावलेल्या ध्वनियंत्रातून चाललेले बोलणे अस्सल मराठी, तेही वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी अशा बोलींतले. कोण कोठे दडला आहे, कोणाकडे काय आहे, कोणी धावून यायचे, हे सारे उच्चारित भाषेत घडते. खेळातली मराठी वाचली जात नाही याचे एक साधे कारण असे की ती तेथे लिहिलेलीच नसते. वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाची चर्चा मराठीत वर्षानुवर्षे चालू आहे; त्या चर्चेत व्हिडिओ गेम हा आरोपी म्हणून अनेकदा उभा केला जातो, परंतु वाचनाची एक संभाव्य जागा म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले गेले.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा आहे. मंदिरांच्या आणि महालांच्या भिंतींवर चित्रे आहेत. नायिका चित्रापाशी गेली की दुर्गा आणि विष्णू यांच्या आवाजांत त्या चित्राची कथा ऐकू येते. पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण करून देणारी ही रीत आहे : चित्र दाखवायचे आणि कथा सांगायची. प्रसिद्ध झाला तेव्हा ते निवेदन इंग्रजीत होते.

देवनागरी मजकूर खेळात घालू पाहणाऱ्याला तंत्राची अडचण आजवर सोडत आलेली नाही. युनिटी हे जगभर वापरले जाणारे खेळनिर्मितीचे साधन घेतले, तर त्यातील मजकूर दाखवणाऱ्या प्रचलित सोयीला देवनागरीची अक्षरजुळणी अनेक वर्षे धड जमत नव्हती. जोडाक्षरे फुटून हलन्तासह सुटी दिसत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन पडे. ‘किल्ला’ हा शब्द पडद्यावर कोणालाही वाचता येऊ नये असा उमटे. ६४ किलोबाइटच्या जागेत काताकानाचे कोणते अक्षर घ्यायचे आणि कोणते वगळायचे, यावर १९८६ साली होरी आणि त्यांचे सहकारी डोके लढवत होते, ते समोर वाचणारे मूल आहे असे गृहीत धरून. देवनागरीसाठी ज्यांना ही अडचण ओलांडायची होती, त्यांना बहुधा शब्दाचे चित्र करून ते पडद्यावर चिकटवावे लागले.